वाचकांची पत्रं : रस्त्याकडेचं सरपण, उणे तीसचा हिवाळा

मे महिन्याच्या अंकात मी व्हर्माँटमधल्या आमच्या हिवाळ्यांविषयी लिहिलं होतं. अमेरिकेच्या ईशान्येला, कॅनडाच्या सरहद्दीला लागून असलेलं हे लहानसं डोंगराळ राज्य. यजमानांना तिथल्या एका छोट्या कॉलेजात नोकरी लागली, म्हणून १९९५च्या ऑगस्टमध्ये गेलो आणि २०१९च्या उन्हाळ्यात गोव्यात आमच्या गावी, सावईवेऱ्याला परत आलो. मधले चोवीस हिवाळे आम्ही घर मुख्यतः लाकडावर तापवलं. त्यातलं बरंचसं लाकूड रस्त्याच्या कडेला पडलेलं, मालकाला विचारून उचललेलं होतं. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काहींना मी फोनवर उत्तरं दिली. बाकीच्यांची इथे देते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी नोकरीसाठी कॅनडात गेली आहे. ओटावाजवळच्या एका खेड्यात भाड्याने राहते. घरात लाकडावर चालणारी बंद लोखंडी चूल आहे. घरमालक सांगतो की सरपण विकतही मिळतं आणि रस्त्याकडेलाही पडलेलं असतं. मुलीने आयुष्यात कधी चूल पेटवलेली नाही. आम्हा दोघांना इथे झोप येत नाही. तिला काय सांगावं? (एक वाचक, पेडणे)

आमच्या पहिल्या हिवाळ्यात माझी आई दर रविवारी शेजाऱ्यांच्या फोनजवळ येऊन बसायची, त्यामुळे तुमची काळजी मला कळते. मुलीला सगळ्यात आधी हे सांगा, की यंदा गोळा केलेलं लाकूड यंदाच्या थंडीत जाळायचं नाही. रस्त्याकडेचं लाकूड खुशाल आणावं, पण ते पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षासाठी. या वर्षीचं वाळलेलं विकत घ्यावं, आणि विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता स्वतः पाहून घ्यावं.

हे आम्ही कसं शिकलो ते सांगते. पहिल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही चार कॉर्ड लाकूड विकत घेतलं. कॉर्ड हे तिकडचं माप, चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रचलेली थप्पी. विकणारा म्हणाला, पूर्ण वाळलेलं आहे. आम्ही मान डोलावली. मी कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागायतीत वाढलेली, चुडतं (माडाच्या झावळ्या), सोडणं (नारळाची सालं), पिडे (झावळ्यांचे देठ), करवंट्या यांच्यावर न्हाणीतलं भाण, म्हणजे आंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं, तापवलेली. सरपण मला कळतं असं मला वाटत होतं. पण आपल्याकडे चैत्र-वैशाखाच्या उन्हात चुडतं पंधरा दिवसांत खडखडीत होतं. फूटभर जाडीच्या मेपलच्या ओंडक्याचा हिशेब वेगळा असतो. जिवंत झाडाच्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. जाळण्याजोगं व्हायला ते वीस टक्क्यांखाली यावं लागतं, आणि त्याला फोडून, उघड्या हवेत, एक ते दोन उन्हाळे जावे लागतात. ओकला तर दोन पुरे लागतात.

आमच्या चुलीत ते लाकूड चुरचुरायचं. टोकांतून फेस यायचा. आच लागेना म्हणून आम्ही आणखी लाकूड घालायचो, आणि रात्रभर पुरावं म्हणून हवेची चावी जवळजवळ बंद करून झोपायचो. या दोन्ही चुका एकमेकींना धरून होत्या. ओलं लाकूड आधी आपलं पाणी उकळतं, त्यामुळे आच मंदावते आणि धूर अर्धवट जळलेला, थंड असा वर चढतो. धुराड्याच्या गार भिंतीला लागून त्याचा डांबरासारखा थर बसतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. तो थर स्वतःच उत्तम जळण असतो.

१९९६च्या फेब्रुवारीत, संध्याकाळी सातच्या सुमारास, मी चुलीवर उकड्या तांदळाची पेज ठेवली होती. अचानक भिंतीतून आवाज यायला लागला, बोगद्यातून आगगाडी जावी तसा. चुलीचं नळकांडं खालून वर लाल होत गेलं. यजमानांनी हवेची चावी घट्ट बंद केली, मी आपत्कालीन नंबर लावला, आणि अंगावर मिळाले ते कोट चढवून आम्ही बर्फात उभे राहिलो. धुराड्याच्या तोंडातून ठिणग्यांचा कारंजा उडत होता. तिथल्या खेड्यांत अग्निशमन दलात बहुतेक सगळे स्वयंसेवकच असतात. दुधाचा टँकर चालवणारा एक आला, शाळेच्या ग्रंथालयातली बाई आली. त्यांनी छपरावर चढून वरून धुराड्यात कोरड्या पावडरीच्या पिशव्या सोडल्या. घर वाचलं. धुराड्याच्या आतलं मातीचं अस्तर मात्र तडकलं. ते वसंतात बदलेपर्यंत आम्हाला चूल पेटवता आली नाही, आणि उरलेला हिवाळा तेलाच्या बॉयलरवर काढला. त्याची बिलं भरताना महिन्याचं गणित कोलमडलं.

जाण्याआधी त्यांच्यातला वयस्कर माणूस ओसरीवरच्या आमच्या थप्पीकडे गेला. एक ओंडका घेतला, कुऱ्हाडीने मधोमध फोडला आणि आतली ताजी बाजू माझ्या गालाला लावली. ती गार होती, आणि गालावर ओल राहिली. मग त्याने आपल्या गाडीतून स्वतःचं एक लाकूड आणलं, तेही फोडलं आणि गालाला लावलं. ते नुसतं लाकूड होतं, सुक्या पाटासारखं. काही न बोलता त्याने ते माझ्या हातात दिलं. लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र पुढे आम्ही घेतलं, पण मी गालाची परीक्षा कधी सोडली नाही.

मुलीला विकत घेताना आणखी काय पाहायचं ते सांगा. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना मध्यापासून बाहेर जाणाऱ्या चिरा पडलेल्या असतात. साल सुटायला आलेली असते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टण्ण असा मोकळा आवाज येतो, ओली लाकडं नुसती धप्प वाजतात. ओटावाच्या प्रांतात, ओंटारिओत, 'बुश कॉर्ड' आणि 'फेस कॉर्ड' अशी दोन मापं चालतात. बुश कॉर्ड म्हणजे पूर्ण कॉर्ड. फेस कॉर्ड म्हणजे आठ फूट लांब, चार फूट उंच पण एकाच ओळीची थप्पी, सोळा इंची लाकडांची असेल तर पूर्ण कॉर्डच्या एक तृतीयांश. कोणत्या मापाचा भाव आहे हे आधी विचारायचं, आणि रचून घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

चूल पेटवण्याआधी घरमालकाला सरळ विचारावं, धुराडं यंदा झाडून घेतलं आहे का? कॅनडात लाकडी चुलींसाठीचं 'वेट' (WETT) नावाचं प्रमाणपत्र असलेले तपासनीस असतात, त्यांच्याकडून चूल आणि धुराडं तपासून घ्यावं. भाडेकरू आहे म्हणून तिने संकोच करू नये. झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढायची आणि बादली घराबाहेर, लाकडी ओसरीपासून दूर ठेवायची. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारे दोन-तीन दिवस जिवंत राहतात. थंडी फार वाढली तर बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या नळाची बारीक धार रात्रभर चालू ठेवायची, म्हणजे पाइपात पाणी गोठून पाइप फुटत नाही.

आणि पहिला विस्तव तिला एकटीने पेटवायला लावू नका. शेजारी जाऊन विचार, म्हणावं. थंड प्रदेशातल्या माणसाला विस्तवाबद्दल विचारलं की तो हातातलं काम सोडून येतो, असा माझा चोवीस वर्षांचा अनुभव आहे.

प्रश्न : तुम्ही शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या. रस्त्यावरची लाकडं उचलून गाडीत घालायची लाज नाही वाटली? राग मानू नका. आमच्याकडे लाकडं वेचणं म्हणजे गरिबी, म्हणून विचारते. (एक वाचिका, सांखळी)

राग कसला? पहिल्या दिवशी लाज वाटली, आणि फार वाटली.

धुराड्याच्या आगीनंतरची ती शरद ऋतूतली दुपार होती. वीज कंपनीच्या माणसांनी तारांवर आलेल्या मेपलच्या फांद्या छाटून चराच्या कडेला टाकल्या होत्या. ज्याच्या जमिनीलगत त्या पडल्या होत्या त्याला यजमान विचारून आले, तो 'न्या' म्हणाला. यजमान उतरून एकेक ओंडका उचलायला लागले आणि मी गाडीत मान खाली घालून बसून राहिले. डोळ्यांसमोर सावईवेऱ्यातलं आमचं घर आलं. सकाळी डोंगरावरून बायका मोळ्या घेऊन उतरायच्या, डोक्यावर चुंबळ, हातात कोयता. आमच्या ओसरीसमोर थांबायच्या. आजी एखादी मोळी घ्यायची, पैसे द्यायची, पेज वाढायची, आणि त्या अंगणातच बसून ती प्यायच्या. मी ओसरीवरून बघायची. त्या गाडीत बसले होते तेव्हा मला वाटत होतं, मी आता अंगणात उतरले.

तेवढ्यात मागे एक पिकअप थांबली. शेजारचे म्हातारे शेतकरी होते, ऐंशीच्या घरातले, गायी विकून निवृत्त झालेले. त्यांना वाटलं, आमचं चाक बसलं. काय चाललंय ते पाहून ते परत गाडीकडे गेले, चेनसॉ घेऊन आले आणि मोठ्या फांद्यांचे सोळा-सोळा इंचांचे तुकडे करायला लागले, कारण आमच्या चुलीत त्याहून लांब लाकूड मावत नाही हे त्यांना माहीत होतं. आमच्या घराचे आधीचे मालक त्यांचे मित्र होते. मी खाली उतरले ती लाकडं उचलण्यापेक्षाही या म्हाताऱ्या माणसाला एकट्याने कसं वाकू द्यायचं म्हणून. तासाभरात आमची गाडी भरली, त्यांची पिकअप भरली, आणि ती दोन्ही त्यांनी आमच्याच अंगणात रिकामी केली.

पुढे १९९८चा जानेवारी आला. पाच तारखेपासून चार-पाच दिवस पाऊस पडला, पण जमिनीलगतची हवा गोठणबिंदूखाली. पडलेला प्रत्येक थेंब जिथे लागेल तिथेच बर्फ होत होता. फांद्यांवर बोटभर जाड काच चढली. रात्री अंथरुणात पडून ऐकायचं, आधी कडकड, मग सगळी फांदी खाली आली की हजार काचेचे पेले फुटल्यासारखा आवाज. सरहद्दीपलीकडे क्वीबेकमध्ये विजेचे पोलादी मनोरे वाकून पडले आणि दहा लाखांहून जास्त जोडण्यांची वीज गेली, काहींची तर महिनाभर आली नाही. आमची नवव्या दिवशी आली. त्या नऊ दिवसांत आमच्या घरात तीन कुटुंबं राहिली, कारण आमच्याकडे चूल होती आणि सुकं लाकूड होतं. एकाच खोलीत गाद्या टाकून नऊ माणसं झोपलो. चुलीवर भात व्हायचा. आमसुलं मी गोव्याहून नेलेली होती, त्यांचं सार करायचे. नारळ नसलेलं ते सार तिथल्या मुलांनी मागून मागून प्यायलं.

वादळ सरल्यावर रस्त्याकडेला जे लाकूड पडलं होतं ते वेचायला वकील आले, डॉक्टर आले, पाद्री आले. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं, सगळे खाली वाकलेले होते. त्या लाकडावर आमचे पुढचे दोन हिवाळे निघाले.

सांखळीच्या ताई, मला आता लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मोळी किती जड असते हे मला चाळिशीला टेकल्यावर कळलं. लहानपणी मी त्या बायकांना एकदाही विचारलं नव्हतं की किती लांबून आलात.

प्रश्न : रस्त्याच्या कडेला पडलेलं लाकूड कोणाच्या मालकीचं? तिथे आणि आपल्याकडे नियम काय? (कायद्याचा विद्यार्थी, काणकोण)

मी वकील नाही, पण चोवीस वर्षं लाकूड उचललेल्या बाईला जेवढं कळतं तेवढं सांगते. व्हर्माँटमध्ये गावरस्त्याची हद्द बहुधा तीन रॉड, म्हणजे साडेएकोणपन्नास फूट रुंद धरतात. घोडागाडीच्या काळापासून चालत आलेलं माप आहे ते. प्रत्यक्ष डांबर किंवा खडी त्यातल्या निम्म्यावरच असते. उरलेल्या पट्ट्यातून रस्ता न्यायचा हक्क गावाचा, पण खालची जमीन आणि तिच्यावरची झाडं बहुतेक ठिकाणी लगतच्या मालकाची. म्हणजे रस्त्यावर पडलं म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. दार वाजवायचं, विचारायचं, 'न्या' म्हटलं तर न्यायचं आणि खाली पडलेला भुसा-काटक्या झाडून जागा साफ करून निघायचं. मोठ्या आंतरराज्य महामार्गावर तर आणीबाणीशिवाय गाडीसुद्धा थांबवायची नाही.

आपल्याकडे उभं झाड तोडायला १९८४च्या वृक्षसंवर्धन कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, हे तुम्ही शिकलाच असाल. पावसात पडलेलं झाड अग्निशमन दलाची माणसं कापून रस्ता मोकळा करतात आणि ओंडके कडेला टाकून जातात. ते ओंडके बेवारशी आहेत असं मानू नका. झाड कोणाच्या भाटातलं, रस्ता कोणाच्या ताब्यात, हे पंचायतीत विचारून मगच हात लावा. विचारायला दहा मिनिटं लागतात.

प्रश्न : कोणतं लाकूड चांगलं, कोणतं वाईट? आणि लाकडातून काही रोग किंवा विष येतं का? (एक वाचक, मडगाव)

या प्रश्नावर मी रात्रभर बोलू शकेन.

शुगर मेपल, बीच, पिवळा बर्च ही तिकडची राजेशाही लाकडं. जड, सावकाश जळणारी, सकाळपर्यंत निखारे ठेवणारी. पांढऱ्या बर्चची साल कागदासारखी सुटते आणि ओली असली तरी पेट घेते, विस्तव लावायला तिच्यासारखं काही नाही. पण तीच साल पाणी आत अडकवून ठेवते, त्यामुळे बर्चचा ओंडका न फोडता ठेवला तर साल छान शाबूत दिसते आणि आतलं लाकूड कुजून भुसभुशीत होतं. आणल्या आठवड्यातच फोडायचं. एल्म फोडायला बसू नका. त्याचे तंतू एकमेकांत विणलेले असतात, कुऱ्हाड आत जाते आणि तिथेच अडकते. मग पाचर ठोका, घण मारा, तरी फाळका दोरखंडासारखा लोंबकळत राहतो. पाइन-हेमलॉक लवकर पेटतात, तडतडून ठिणग्या उडवतात आणि लवकर संपतात. शरदातल्या थोड्याशा गारव्याला ठीक.

फोडायला सगळ्यात चांगला दिवस म्हणजे कडाक्याच्या थंडीचा. उणे वीसला ओल्या लाकडातलं पाणी गोठलेलं असतं. कुऱ्हाड नुसती खाली येऊ द्यायची, जोर लावायचा नाही. मेपलचा ओंडका टक् करून दोन फाके होतो, आतला भाग पांढराशुभ्र, आणि क्षणभर गोडसर वास येतो. याच झाडाच्या रसाचं मेपल सिरप करतात. चाळीस लिटर रस आटवला की जेमतेम लिटरभर पाक मिळतो, आणि जुनी घरं तो लाकडाच्या भट्टीवरच आटवतात. मार्चमध्ये त्या झोपड्यांच्या छपरांतून वाफ निघताना दिसली की मला आपल्याकडच्या काजूच्या भट्ट्या आठवायच्या.

आता किडीचं. ॲश नावाचं झाड तिकडच्या सरपणातलं सगळ्यांचं लाडकं, कारण त्यात मुळातच पाणी कमी. एक हिरवा चकचकीत भुंगा आशियातून तिकडे पोचला, २००२मध्ये मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडला, आणि तेव्हापासून त्याने कोट्यवधी ॲश मारले. व्हर्माँटमध्ये तो २०१८मध्ये सापडला, आम्ही परतायच्या आदल्या वर्षी. अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पाडतात, भुंगा बाहेर पडतो तेव्हा सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं बारीक भोक राहतं. भुंगा स्वतः फार लांब उडत नाही. माणसं सरपण गाडीत घालून त्याला शेकडो मैल नेतात. म्हणून तिथे नियमच झाला, जिथलं लाकूड तिथेच जाळा. आमच्या वाटेवरचा एक मोठा ॲश पहिल्या वर्षापासून ओळखीचा होता. शेवटच्या वसंतात त्याच्या खोडावर मी बोटाने भोकं चाचपली. चार होती.

आणि विष. पॉयझन आयव्ही नावाची वेल झाडांवर चढते. पानगळीनंतर तिची पानं दिसत नाहीत, खोडाला चिकटलेला केसाळ दोर तेवढा दिसतो. तिच्या रसाने अंगावर पाण्याचे फोड येतात. ती लाकडाबरोबर जळली तर धुरातून तेच विष फुप्फुसात जातं, आणि ते जिवावर बेतू शकतं. गोवेकराला हे समजायला सोपं आहे. ती वेल, काजू, आंबा आणि बिब्बा हे सगळे एकाच कुळातले. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटांची सालं निघतात ती साधारण याच जातीच्या द्रव्यामुळे. त्या वेलीचा त्रास ज्यांना झालेला असतो त्यातल्या काहींना आंब्याच्या सालीनेही ओठाला पुरळ येतं. मला पहिल्यांदा मनगटावर फोड आले तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, हे तर बिब्बा उतल्यासारखं दिसतंय. त्यांना बिब्बा माहीत नव्हता, पण कुळाचं नाव सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, बरोबर ओळखलंत.

इथल्यांसाठी सांगायचं तर काजूची टरफलं घरातल्या चुलीत घालू नका, आणि रस्त्याच्या दुभाजकावर लावतात ती कण्हेर छाटून टाकलेली दिसली तर सरपणाला आणू नका. तिचा धूरसुद्धा विषारी असतो. रंग लावलेल्या जुन्या खिडक्या, प्लायवूड, वादळात वाहून आलेली फळकुटं, यांतलं काहीही चुलीत जाऊ नये.

प्रश्न : आमचे जावई लेहला नोकरीला आहेत. खोलीत बुखारी, म्हणजे खोली तापवायची नळकांड्याची लोखंडी चूल आहे. थंडी इतकी की खिडक्यांच्या फटी कागदाने बंद केल्या आहेत, असं मुलगी फोनवर सांगते. काही धोका? (एक वाचिका, वास्को)

आहे. हे वाचून झाल्यावर लगेच फोन करा.

बुखारीचं नळकांडं गळत असेल किंवा तुंबलं असेल, किंवा खोलीत कोणी कोळशाची शेगडी ठेवली असेल, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणूस झोपतो तो उठत नाही. १९९८च्या वादळातही काही माणसं अशीच गेली, थंडीने नव्हे, बंद घरात लावलेल्या जनरेटरच्या आणि शेगड्यांच्या धुराने. खिडकीची एक फट उघडी ठेवायला सांगा. नळकांड्याचा प्रत्येक सांधा तपासायला सांगा. झोपताना शेगडी खोलीबाहेर. बॅटरीवर चालणारा अलार्म मिळतो, तो तुम्हीच पाठवून द्या.

प्रश्न : लाकूड जाळणं म्हणजे धूर आणि जंगलाचा नाश. तुम्ही त्याचं कौतुक कसं करता? (एक शिक्षक, डिचोली)

सर, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि त्याने मला तिकडेही छळलं. लाकडाच्या धुरातले बारीक कण फुप्फुसात खोल जातात. थंडीच्या सकाळी वारा पडलेला असला की दरीत धुराचा थर बसायचा, आणि शाळेतल्या दमेकरी मुलांना त्याचा त्रास व्हायचा. आम्ही जुनी चूल २००६मध्ये काढून टाकली. नव्या पिढीच्या चुलीत धूरच पुन्हा जाळला जातो. सरकारी नियमही तिकडे कडक होत गेले. २०२०पासून विकल्या जाणाऱ्या नव्या चुलीला तासाला दोन ग्रॅमच्या (नेहमीच्या सरपणावर चाचणी केली असेल तर अडीच ग्रॅमच्या) वर कण सोडायची मुभा नाही. नवी चूल घेतल्यावर आमचं लाकूड पाच कॉर्डांवरून साडेतीनवर आलं, आणि धुराड्यातून बहुतेक वेळा नुसती हवा थरथरताना दिसायची. पण ओलं लाकूड घातलं तर नवी चूलसुद्धा जुनीसारखीच धुमसते.

जंगलाबद्दल सांगायचं तर आम्ही उभं झाड सरपणासाठी कधी पाडलं नाही. पडलेलंही सगळं उचललं नाही. पोकळ ओंडका असेल तर तसाच ठेवायचा, त्यात सुतारपक्षी, खारी, सॅलमँडर राहतात. गोव्यात जिथे घर तापवायची गरजच नाही तिथे रोजच्या स्वयंपाकाला चूल पेटवा असं मी कोणालाही सांगणार नाही. माझी आई चाळीस वर्षं फुंकणीने चूल फुंकत राहिली आणि म्हातारपणी तिला जिना चढवेना. गॅस आला तेव्हा तिने सिलिंडरला हळदकुंकू लावलं होतं. मी कौतुक करते ते जिथे उणे तीस असतं, सव्वाचारला सूर्य मावळतो आणि वीज केव्हाही जाऊ शकते, तिथल्या सुक्या लाकडाच्या थप्पीचं.

प्रश्न : आता गोव्यात आल्यावर लाकडं गोळा करायची सवय सुटली का? (एक वाचिका, वाळपई)

नाही सुटली. न्हाणीतलं भाण अजून चुडतं-सोडणांवरच तापतं, आठवड्यातून दोनदा, बाकी दिवस गीझर. पावसाआधीच्या पुरुमेंतात मी कडधान्य, मीठ, सुकं खारं भरते, तसं सरपणही भरून ठेवते.

या जूनमध्ये आमच्या वळणावर फणसाची एक मोठी फांदी वाऱ्याने रस्त्यावर आली. अग्निशमन दलाच्या मुलांनी ती कापून कडेला लावली. मी मालकांकडे गेले. ते म्हणाले, जाड लाकूड सुताराला द्यायचंय, बाकीचं तुम्ही घ्या. आता ते आमच्या मांगराच्या पडवीत आहे. खाली चिऱ्यांच्या दोन ओळी, त्यांवर दोन वासे, त्यांवर थप्पी, म्हणजे जमिनीची ओल चढत नाही. वर पत्रा, चारी बाजू उघड्या. पत्र लिहायला बसण्याआधी मी एक तुकडा फोडून पाहिला. आतला गाभा पिवळाधमक आहे. गालाला लावला तर गार लागला. चतुर्थी होऊन ऑक्टोबरचं ऊन पडलं की पडवीतून काढून अंगणात रचीन. पुढच्या मेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं मुलाला सांगून ठेवलं आहे.